जुना डिझेल मोटरहोम चढावर दम टाकतो: कमिन्स ५.९ची ताकद कशी वाढवायची?

अटकेपार

नमस्कार मंडळी. गाडी १९९४ची, ३६ फुटी पुशर, म्हणजे मागे इंजिन असलेला मोटरहोम. इंजिनही मागे, रेडिएटरही मागे. इंजिन कमिन्स ६बीटीए, ५.९ लिटर, १२ वाल्वचं, २३० हॉर्सपॉवरचं. डिझेल इंजेक्शन पंप बॉश पी-७१००. गिअरबॉक्स अ‍ॅलिसन एमडी-३०६०, सहा गिअरचा. पाणी, डिझेल, सामान सगळं भरून काट्यावर २३,००० पौंड, म्हणजे १०,४०० किलोच्या आसपास. मागे कार जोडत नाही.

सपाट रस्त्यावर काहीच तक्रार नाही. पण कॅलिफोर्नियात आय-५ महामार्गावर ग्रेपव्हाइन घाटाच्या ६ टक्के चढाला पॅडल पूर्ण दाबूनही दुसऱ्या गिअरमध्ये २१०० आरपीएमला ताशी २८ मैलांवर येते आणि तिथेच अडकते. काळा धूर अजिबात नाही. पाण्याचा काटा वरपर्यंत जाताना २१० अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो. एअर फिल्टर आणि डिझेलचे दोन्ही फिल्टर नवीन आहेत.

एका दुकानात मोठा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा) आणि पंपात बदल सुचवलाय. आधी तेच करावं की दुसरं काही?

नोझलपंप

मोठा टर्बो आत्ता नको. आधी हिशेब मांडू.

१०,४०० किलो ६ टक्के चढावर ओढायला साधारण ६,१०० न्यूटन लागतात. टायरच्या रोधाचे आणखी हजारभर. ताशी ३८ मैलांना त्या सपाट तोंडाला हवेचा अडथळा साधारण आठशेचा. एकूण आठ हजार न्यूटन गुणिले सेकंदाला १७ मीटर, म्हणजे चाकांवर १३५ किलोवॅट. पंखा, अल्टरनेटर, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल मिळून पाचवा हिस्सा खातात असं धरलं तर इंजिनाकडून १७० किलोवॅट, म्हणजे २३० हॉर्सपॉवर हवे. थोडक्यात, धडधाकट इंजिन असेल तर तुमची गाडी हा चढ ३८ मैलांनी चढायला हवी, तिसऱ्या गिअरमध्ये. हाच हिशेब २८ मैलांना केला तर इंजिन जेमतेम १६० देतंय असं निघतं. सत्तर हॉर्सपॉवर कुठेतरी गळताहेत. ते परत मिळवायचे, वर काही चढवायचं ते नंतर.

आता धूर. ताकद नाही आणि काळा धूर आहे, तर हवा कमी पडतेय. ताकद नाही आणि धूरही नाही, तर डिझेल कमी पडतंय. तुमचं दुसरं प्रकरण आहे, त्यामुळे डिझेलच्या बाजूने सुरुवात करा. याच क्रमाने:

पहिलं, थ्रॉटल केबल. इंजिन बंद ठेवून एकाने पुढे पॅडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने मागे पलंगाखालचं इंजिनाचं झाकण उघडून पंपावरचा लिव्हर बघायचा. तो शेवटच्या स्टॉपला टेकलाच पाहिजे. पुशरमध्ये ही केबल गाडीच्या लांबीएवढी असते. ती ताणली जाते, तिचे ब्रॅकेट वाकतात, पॅडलखाली गालिचा जाड असतो. लिव्हर ५-६ मिलिमीटर अलीकडे थांबला तरी चढावर स्पष्ट जाणवतं. केबल हलवली तर अ‍ॅलिसनच्या थ्रॉटल सेन्सरचं कॅलिब्रेशनही बघून घ्या, नाहीतर गिअर चुकीच्या वेळी पडतील.

दुसरं, शटऑफ लिव्हर. इंजिन चालू असताना सोलेनॉइडने तो पूर्ण वर ओढून धरलेला हवा. अर्धवट वर असेल तर इंजिन चालतं, पण रॅक, म्हणजे पंपातली डिझेलचं माप ठरवणारी दांडी, पूर्ण उघडत नाही.

तिसरं, डिझेलचा दाब. फिल्टरनंतर, पंपाच्या तोंडाशी गेज लावा. टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा हा लिफ्ट पंप पिस्टनचा आहे, ठोके मारतो. मध्ये नीडल वाल्व घालून काटा शांत करा, नाहीतर गेज आठवडाभरात मरेल. आयडलला १७ ते २२ पीएसआय, २५०० आरपीएमला लोडशिवाय २५ ते ३० यायला हवेत. खरा आकडा मात्र चढावर पूर्ण पॅडलला मिळतो. गेजला लांब नळी लावून तो आत आणा आणि शेजारच्याला वाचायला सांगा.

दाब कमी आला तर आयडलला रिटर्नची (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी) रबरी नळी पक्कडीने क्षणभर दाबा. दाब झटकन ३५च्या पुढे गेला तर लिफ्ट पंप ठीक आहे आणि पंपाच्या रिटर्नवरचा ओव्हरफ्लो वाल्व ढिला झालाय. आतली स्प्रिंग दमते, वाल्व बदलायचा. दाब फारसा वाढलाच नाही तर दोष मागे आहे: लिफ्ट पंप, नळ्या किंवा टाकीतला पिकअप पाइप.

थंड हवा

डिझेलबद्दल नोझलपंप यांच्याशी सहमत. पण हवेची बाजू मोजल्याशिवाय सोडू नका, आणि २१० अंश ही वेगळी तक्रार आहे.

बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, मोजणारा गेज लावा. या रेटिंगला पूर्ण लोडवर साधारण १८ ते २२ पीएसआय दिसायला हवेत. कमी दिसलं म्हणून टर्बो गेला असं समजायचं नाही; डिझेल कमी गेलं की एक्झॉस्टची उष्णता कमी होते आणि बूस्टही आपोआप पडतं.

चार्ज एअर कूलरची (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा, रेडिएटरला लागून असतो) चाचणी सोपी आहे. दोन्ही तोंडं प्लग करा, ३० पीएसआय हवा भरा, पुरवठा बंद करा. १५ सेकंदांत ७ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. प्लग साखळीने बांधा, सुटला तर गोळीसारखा येतो. बूट्सवर, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या रबरी बाह्यांवर, साबणाचं पाणी मारा. गरम बाजूचा बूट तेलाने फुगून मऊ पडतो. बाहेरून बरा दिसतो, बोटाने दाबला की क्लॅम्पच्या कडेला चीर उघडते. टी-बोल्ट क्लॅम्प ८ न्यूटन-मीटरला कसायचे. जास्त आवळले तर रबर कापलं जातं.

आता एक गोष्ट बरेच मेकॅनिक बघतच नाहीत. पंपाच्या गव्हर्नरवर एएफसीची (हवेनुसार डिझेल ठरवणारी) डबी असते आणि इनटेक मॅनिफोल्डमधून तिला एक बारीक नळी येते. बूस्ट आलं की आतला डायफ्राम दांडी ढकलतो आणि मगच पंप पुरेसं डिझेल सोडतो. ती नळी तडकली किंवा डायफ्राम फाटला की इंजिनाला बूस्ट मिळतं, पण पंपाला ते कळत नाही. धूर नाही, ताकद नाही: तुमचीच लक्षणं. नळी काढून डबीला हातपंपाने १५ पीएसआय द्या. काटा टिकला तर डायफ्राम चांगला. एरवी ही चाचणी मी सगळ्यात आधी करायला सांगेन. पाच मिनिटांचं काम आहे.

पाण्याच्या काट्याचं कारण बहुतेक वेळा रेडिएटरच्या आत नसतं, त्याच्या तोंडावर असतं. क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरची नळी इंजिनाच्या खाली, पंख्याच्या पुढ्यात उघडते. तेलाची वाफ पंख्यात जाते, तिच्यावर रस्त्याची धूळ बसते आणि कूलरच्या इंजिनाकडच्या तोंडावर चिकट काळं लिंपण तयार होतं. गाडीमागे उभं राहून बघितलं तर रेडिएटर चकचकीत दिसतो, कारण घाण आतल्या बाजूला असते. टॉर्च घेऊन पंख्याच्या पात्यांमधून बघा. अ‍ॅल्युमिनियमला चालेल असा डिग्रीझर आतल्या बाजूने मारा, वीस मिनिटं भिजू द्या, साध्या नळाच्या धारेने धुवा. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत तीन-चार वेळा. प्रेशर वॉशर वापरू नका, फिन्स आडव्या होतात आणि मग काही इलाज उरत नाही.

त्याच दिवशी ब्रीदरची नळी हीटर होजने रेडिएटरच्या मागे, खालपर्यंत लांबवा. कुठे झोळ पडू देऊ नका. झोळात पाणी साठून थंडीत गोठलं तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि सील तेल सोडतात.

अटकेपार

दोघांचे आभार. मोजमापं अशी:

थ्रॉटल लिव्हर स्टॉपच्या ५ मिलिमीटर अलीकडे थांबतो. शटऑफ लिव्हर पूर्ण वर. डिझेलचा दाब आयडलला १८, लोडशिवाय २५०० ला २१, चढावर पूर्ण पॅडलला ९. रिटर्न दाबल्यावर आयडलला फक्त २१ पर्यंत गेला. बूस्ट चढावर १२. एएफसीने १५ पीएसआय धरलं. कूलरच्या आतल्या तोंडावर खालच्या अर्ध्या भागात काळा थर आहे.

नोझलपंप

निदान झालं. ९ पीएसआयला हा पंप पुरा भरतच नाही. ओव्हरफ्लो वाल्व दोषी नाही, कारण रिटर्न दाबूनही दाब उठला नाही. आता लिफ्ट पंप की नळ्या, एवढंच ठरवायचं.

पाच गॅलनचा स्वच्छ कॅन डिझेल भरून इंजिनाजवळ ठेवा. लिफ्ट पंपाच्या सक्शनला नवी आखूड नळी जोडून ती कॅनमध्ये सोडा. रिटर्न टाकीकडे जातो तसाच राहू द्या, फक्त कॅन रिकामा होऊ देऊ नका. २५०० आरपीएमला २५च्या वर गेला तर लिफ्ट पंप निर्दोष आणि टाकीपासूनची लाइन गुन्हेगार. २१च राहिला तर लिफ्ट पंप बदला.

माझा कौल नळ्यांना. तुमच्या गाडीत टाकी पुढे असेल तर डिझेल तीस फूट ओढलं जातं. जुन्या रबरी नळीचा आतला थर सुटतो आणि सक्शन वाढलं की पडद्यासारखा मिटतो. इंजिन बंद केलं की परत उघडतो. बाहेरून नळी धडधाकट, कापून बघितल्यावरच कळतं. जोडावर हवा खेचत असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत येते. सक्शनमध्ये फूटभर पारदर्शक नळी घाला आणि बुडबुडे बघा.

बदलताना आतला व्यास अर्धा इंच घ्या, डिझेलसाठी असलेलीच नळी, एक्झॉस्टपासून दूर. पिकअप पाइपही बाहेर काढून बघा, वरच्या भागात तडा असू शकतो. नंतर लिफ्ट पंपाचं बटण हाताने दाबत राहा, शंभरेक दाब लागू शकतात, ओव्हरफ्लोपाशी डिझेल वाहिल्याचा आवाज येईपर्यंत. तरीही सुरू झालं नाही तर नोझलकडचे दोन-तीन नट ढिले करून स्टार्टर मारा. एका वेळी तीस सेकंदांहून जास्त नाही, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. नटापाशी हात नेऊ नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं आणि ती शस्त्रक्रियेची वेळ असते.

काटकोन

झाकण उघडलंच आहे तर टॅपेट (वाल्वची फट) सेट करून घ्या. इंजिन थंड हवं. इनटेक ०.०१० इंच, एक्झॉस्ट ०.०२० इंच. एक नंबरचा पिस्टन टीडीसीवर, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आणून इनटेक १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५. मग क्रँक पूर्ण एक फेरी फिरवून इनटेक ३, ५, ६ आणि एक्झॉस्ट २, ४, ६. लॉकनट २४ न्यूटन-मीटर. गिअर केसच्या बाजूच्या प्लेटवर सीपीएल नंबर (इंजिनाच्या सुट्या भागांच्या यादीचा), टायमिंग आणि लॅश (वाल्वची फट) छापलेलं असतं. माझ्यापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा.

पुढचं टायमिंग कव्हर कधी उघडलं तर आतली छोटी डॉवेल पिन पत्र्याच्या टॅबने बंद करा. ती कंपनाने बाहेर सरकते आणि गिअरमध्ये पडली तर केसिंग फुटतं. काही डॉलरचा तुकडा आहे, टाळू नका.

आणि ताकद वाढवण्याबद्दल. १९९४चं इंजिन असलं तरी प्रमाणित रेटिंगच्या वर डिझेल वाढवणं अमेरिकेच्या क्लीन एअर अ‍ॅक्टमध्ये छेडछाड ठरतं, त्यामुळे दुकानदार सहज सांगतो तेवढं ते सहज नाही. यांत्रिक बाजूही बघा. हे इंजिन जास्त डिझेल आनंदाने घेतं. मर्यादा येते ती एक्झॉस्टच्या उष्णतेची आणि रेडिएटरची. पिकअप ट्रकला चढ दोन मिनिटांत संपतो, दहा टनांच्या घराला पंधरा मिनिटं पूर्ण पॅडल लागतं. ट्रकवाल्यांच्या पाककृती इथे पिस्टन वितळवतात.

म्हणून फॅक्टरी सेटिंगवरही पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा) हवाच, आणि प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये. १/८ एनपीटी (पाइपच्या) आट्यांना ११/३२ इंचाचं ड्रिल, टोकाला ग्रीस फासून, म्हणजे कीस त्याला चिकटतो. शक्य असेल तर टर्बो उतरवून करा. बिडाचा एक तुकडा टर्बाइनची पाती खातो. लागोपाठच्या चढाला १२५० अंश फॅरनहाइटच्या वर राहायचं नाही. टर्बोनंतर प्रोब लावला तर लोडवर दोन-तीनशे अंश कमी दिसतं आणि भलताच दिलासा मिळतो.

ज्यांच्याकडे चार गिअरची अ‍ॅलिसन एटी-५४५ आहे त्यांनी वेगळा विचार करावा. तिच्यात लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, नाही, त्यामुळे चढावर टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरून ऑइल तापवतो. संपमध्ये (तळाच्या ऑइल टाकीत) २५० अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ देऊ नका. तिथे पैसे डिझेल वाढवण्यावर नाही, मोठ्या ऑइल कूलरवर घाला.

अटकेपार

नळ्या मागवल्या. केबल समायोजित केली, लिव्हर आता टेकतो. एकच प्रश्न: कूलर धुवायच्या आधी चढावर चाचणी घेऊ का?

थंड हवा

नका घेऊ. डिझेलचा दाब पूर्ववत झाला की इंजिन सत्तर हॉर्सपॉवरची जास्तीची उष्णता त्याच अर्ध्या बुजलेल्या कूलरला देणार. आज २१०ला थांबणारा काटा तिथे थांबणार नाही. आधी धुणं, मग नळ्या, मग चढ. चढायला लागण्याआधीच हाताने तिसरा गिअर घ्या आणि इंजिन २२००च्या आसपास ठेवा. पंखा आणि पाण्याचा पंपही त्याच वेगाने फिरतात. पाणी २१०च्या पुढे किंवा पायरोमीटर १२५०च्या पुढे सरकू लागला तर पॅडल थोडं सोडा, गरज पडली तर एक गिअर खाली या.