पर्फ स्टॅट: कॅश-रेफरन्सपेक्षा कॅश-मिस जास्त कसे येतात?

शब्दवेडा७७

नमस्कार मंडळी. मराठी शब्दांची यादी अकारविल्हे लावणारा एक सी प्रोग्रॅम लिहिलाय. शब्द १ लाख ८० हजार. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या मागोमाग येतो, आपल्याला तो ह नंतर हवा, आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी. म्हणून तुलनेचं फंक्शन स्वतःच लिहिलं. आधी दर तुलनेला अक्षरं उलगडत होतो. आता प्रत्येक शब्दाची क्रमाची किल्ली सुरुवातीलाच तयार करून ठेवतो. वेळ १९० मिलिसेकंदांवरून ११० वर आला. कॅश-मिस (हवा तो डेटा प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, न सापडणं) कमी झाले म्हणून हे झालं असं मला वाटतंय, पण आकडे पटत नाहीत.

पर्फ स्टॅटला (प्रोसेसरमधल्या घटना मोजणारं लिनक्सचं साधन) एकदम नऊ इव्हेंट, म्हणजे मोजायच्या घटना, दिले: सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, ब्रँचेस, ब्रँच-मिसेस (पुढची वाट कुठली हा प्रोसेसरचा अंदाज चुकणं), कॅश-रेफरन्सेस (कॅशला विचारणा), कॅश-मिसेस, एल१ (सर्वात जवळची कॅश) चे लोड, एल१ चे लोड-मिस आणि डीटीएलबी-मिस (मेमरीचे पत्ते शोधणाऱ्या कॅशचे मिस). एका वेळी रेफरन्स ६.२ लाख आणि मिस ६.९ लाख! विचारलंच नाही ते हुकलं कसं? पुन्हा चालवलं की वेगळेच आकडे. प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात ५० ते ६० टक्के असं काहीतरी येतं. लॅपटॉप इंटेल आय५-८२५०यू, उबुंटू. दोन दिवस यातच गेले.

कृष्णाकाठ_मीनल

त्या कंसातल्या टक्क्यांतच तुझं उत्तर आहे. बहुतेक जण तिकडे बघतच नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या प्रोसेसरमध्ये हायपरथ्रेडिंग चालू असताना प्रत्येक थ्रेडला कशालाही लावता येतील असे काउंटर, म्हणजे प्रोसेसरमधले इव्हेंट मोजणारे मोजक, फक्त ४ मिळतात. शिवाय ३ ठरलेल्या कामाचे असतात: इन्स्ट्रक्शन्स, सायकल्स आणि रेफरन्स-सायकल्स. तू नऊ इव्हेंट मागितलेस. कर्नल (लिनक्सचा गाभा) नाही म्हणत नाही, पाळ्या लावतो. काही मिलिसेकंद हे मोजायचे, मग ते, मग पुढचे. एखादा इव्हेंट ५५ टक्के वेळच काउंटरवर बसला असेल, तर मिळालेल्या आकड्याला ०.५५ ने भागून पर्फ तुला पूर्ण वेळेचा अंदाज देतो. म्हणजे ६.९ लाख हा अंदाज आहे, मोजणी नाही.

प्रोग्रॅम तासभर एकसारखा चालला तर हा अंदाज उत्तम बसतो. तुझा ११० मिलिसेकंदांत संपतो, आणि त्यातही दोन टप्पे: आधी फाइल वाचून किल्ल्या बनवणं, मग क्रम लावणं. मिस मोजणारा काउंटर पहिल्या टप्प्यात जास्त बसला आणि रेफरन्सचा दुसऱ्या, की झाला घोळ. दोन वेगवेगळ्या वेळांचे आकडे तू शेजारी ठेवतोयस.

इन्स्ट्रक्शन्सला स्वतःचा काउंटर असून त्यापुढेही शंभर टक्के का नाहीत, असं वाटेल. रांगेतला एक इव्हेंट बसला नाही की त्या फेरीत कर्नल मागच्यांना विचारतच नाही.

मी एम.टेक.ला होते तेव्हा, २००८ मध्ये, मुख्य कर्नलमध्ये ही सोय नव्हती. ओप्रोफाइल होतं, पण ते नमुने घेऊन प्रोफाइल देणारं. नेमकी मोजणी हवी तर पर्फसीटीआर किंवा पर्फमॉनचे पॅच लावायचे आणि रात्रभर कर्नल कंपाइल करायचा. पर्फमॉनमध्ये कुठला इव्हेंट कुठल्या काउंटरवर हे बाहेरची लायब्ररी ठरवायची. डिसेंबर २००८ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी वेगळीच मांडणी आणली: एक सिस्टिम कॉल, एका इव्हेंटला एक फाइल डिस्क्रिप्टर, आणि काउंटरचं वाटप पूर्ण कर्नलकडे. २००९ च्या २.६.३१ मध्ये ती आत आली. मला ती मनापासून आवडते, कारण तिच्यामुळे साध्या माणसाच्या हाती हे हत्यार आलं. पण वाटप कर्नलकडे गेलं म्हणून टंचाई संपली नाही, ती त्या कंसात जाऊन बसली.

आता कर असं: ज्यांचं गुणोत्तर हवंय ते इव्हेंट महिरपी कंसात एकत्र दे. मग ते एकत्रच बसतात, एकत्रच उठतात. एका वेळी एकच गट चालव आणि -आर २० देऊन वीस वेळा मोज. आणि कॅश-मिस म्हणजे इथे शेवटच्या पातळीच्या कॅशचे मिस, एल१ चे नव्हेत. ते एकमेकांशी ताडू नकोस.

शब्दवेडा७७

ताई, गट केला: सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, रेफरन्स, मिस, एल१ लोड, एल१ मिस. पहिल्या दोघांना ठरलेले काउंटर, म्हणजे कशालाही लागणारे साधे चारच लागले ना? तरी सहाही ओळींवर «नॉट काउंटेड». आधी निदान चुकीचे आकडे तरी येत होते.

कृष्णाकाठ_मीनल

तुझा हिशेब बरोबर आहे, पण एक काउंटर आधीच कुणीतरी धरून बसलंय: एनएमआय वॉचडॉग. कर्नल एखाद्या कोअरवर अडकून पडला तर ते ओळखायला तो सायकल्सचा काउंटर कायम वापरतो. मग तुझ्या सायकल्सला साध्या चारांतला एक लागतो, म्हणजे मागणी पाचाची. गट अर्धा बसत नाही, म्हणून कधीच बसला नाही. रूट होऊन /प्रॉक/सिस/कर्नल मधल्या एनएमआय वॉचडॉगच्या फाइलमध्ये ० लिही आणि पुन्हा चालव.

ढोलकी_सी

मध्येच विचारतो. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर मला सायकल्सपुढे थेट «नॉट सपोर्टेड» येतं. तिथे पण वॉचडॉगच का?

कृष्णाकाठ_मीनल

नाही. तिथे काउंटर पाहुण्या मशीनपर्यंत पोचलेलेच नाहीत. केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) ते देऊ शकतो, पण मशीन देणाऱ्याने सोय चालू ठेवायला हवी. पेज-फॉल्ट, कॉन्टेक्स्ट-स्विच हे कर्नल स्वतः मोजतो, ते तिथेही मिळतील. कॅश आणि ब्रँचसाठी खरं यंत्र शोध.

शब्दवेडा७७

बसलं! सगळीकडे शंभर टक्के, वीस फेऱ्यांत फरक दोन टक्क्यांच्या आत. रेफरन्स ११ लाख, मिस ३.८ लाख. आणि जुन्या पद्धतीचे मिस ३.९ लाख! म्हणजे कॅशमुळे जवळजवळ काहीच झालं नव्हतं. मग ब्रँचचा गट वेगळा चालवला: ब्रँच-मिस ४१ लाखांवरून १९ लाख. क्ष, ज्ञ ओळखायला तुलनेत जी इफ-एल्सची माळ होती तीच महाग पडत होती. रविवारी मित्रांसमोर «कॅशला अनुकूल रचना» म्हणून हे मांडणार होतो, आता ते पान बदलतो.

कृष्णाकाठ_मीनल

छान काम केलंस. उरलेले १९ लाख कुठल्या ओळीवर आहेत ते बघायचं असेल तर पर्फ रेकॉर्ड वापर, आणि इव्हेंटच्या नावापुढे अपूर्णविराम (:) देऊन दोन पी लिही. नुसत्या इंटरप्टवर विसंबलास तर तो यायला थोडा उशीर होतो आणि दोष पुढच्याच कुठल्यातरी सूचनेवर जातो. दोन पी दिले की प्रोसेसर स्वतःच नेमकी जागा नोंदवून ठेवतो.

आणि काम झालं की वॉचडॉगमध्ये परत १ लिही.