मदत हवी आहे : घरून भरलेल्या पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न

नमस्कार. मी समुपदेशक आहे, प्रॅक्टिस एकटीच सांभाळते. सेशनच्या आदल्या दिवशी क्लायंटना पीएचक्यू-९ (नैराश्य किती आहे हे मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) ऑनलाइन पाठवायचा विचार आहे. उत्तरांच्या गुणांची (० ते २७) बेरीज आपोआप होते, वेळ वाचतो.

अडतंय ते नवव्या प्रश्नावर. मरणाचे, स्वतःला इजा करण्याचे विचार. कुणी रात्री दोनला तिथे ‘जवळजवळ रोज’ निवडलं आणि मी ते सकाळी पाहिलं तर? बाकी उत्तरं सौम्य असली तर बेरजेवरून कळणारही नाही. पीएचक्यू-८ या आठ प्रश्नांच्या आवृत्तीत तो प्रश्नच नाही, पण न विचारणं मला पटत नाही.

त्या एका उत्तरावर मला लगेच सूचना देणारं आणि क्लायंटला तिथेच हेल्पलाइन दाखवणारं सॉफ्टवेअर कुणी वापरतं का? रात्रीची सूचना कशी हाताळता? की हा प्रश्न समोरासमोरच विचारता?