रॅमच्या आधी डिस्क पाहा
संगणकावरच्या सॅम्पल्ड पियानोची, म्हणजे खऱ्या पियानोच्या रेकॉर्डिंगवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती टाकल्यापासून पेडल दाबून वाजवताना आवाज तुटतो, म्हणून रॅम ८ची ३२ जीबी करावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, आधी लायब्ररी (त्या रेकॉर्डिंगचा साठा) कुठल्या डिस्कवर आहे ते पाहा.

सॅम्पल्ड पियानोत ८८ पट्ट्यांपैकी प्रत्येकीचं हळू ते जोरात अशा अनेक आघातांचं वेगळं रेकॉर्डिंग असतं, आणि तेही प्रत्येक माइकचं स्वतंत्र. हे सगळं रॅममध्ये मावत नाही. म्हणून बहुतेक मोठ्या लायब्रऱ्या सॅम्पलची, म्हणजे एकेका रेकॉर्डिंगची, फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवतात आणि उरलेलं वाजवतानाच डिस्कवरून ओढतात. पेडल दाबलेलं असलं की जुने स्वर थांबत नाहीत, नवे त्यांवर चढत जातात. तीन माइक चालू असतील तर हा भार तिप्पट! फिरत्या हार्ड डिस्कचं हेड इतक्या ठिकाणी वेळेत पोचत नाही. इथे साधी साटा एसएसडीसुद्धा (फिरता भाग नसलेली डिस्क) मोठा फरक पाडते.

एसएसडी आधीच असेल तर बफर बघा, म्हणजे प्रोसेसर एका खेपेला किती आवाज तयार करतो ते. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल (इथे रेकॉर्डिंग नव्हे, आवाजाची सुटी मापं) म्हणजे जेमतेम ६ मिलिसेकंद, बोटांना जाणवतही नाहीत. ६४ वर ठेवलात तर प्रोसेसरला दीड मिलिसेकंदात सगळं उरकावं लागतं. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा (संगणकाला जोडलेल्या आवाजाच्या उपकरणाचा) स्वतःचा असिओ ड्रायव्हर, म्हणजे कमी विलंबाने आवाज पोचवणारं सॉफ्टवेअर, वापरा.

खर्च करण्याआधी एकच माइक ठेवून आणि पॉलिफनीची (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची) मर्यादा उतरवून तोच तुकडा वाजवून बघा. तरीही तुटला, तर वाजवताना रॅम किती भरते ते इथे कळवा.