धरलेला ट्राउट मासा सोडायचा की रस्सा करायचा?

तीर्थनवारी: एप्रिलात आम्ही कोल्हापूरचे चौघं हिमाचलात तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंगला गेलो, रीतसर परमिट काढून. गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. पिसं नि दोरा गुंडाळून केलेली माशी. तिला वजनच नसतं, त्यामुळं फेकायची ती जाड दोरी. हात बसायलाच दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ट्राउट लागला. गळाचं उलटं टोक आधीच पकडीनं दाबलेलं, लगेच सुटला. हात ओले करून त्याला प्रवाहाकडं तोंड करून धरला. कल्ले हलले, शेपटीचा झटका बसला, गेला. सोडला म्हणून एक मित्र अजून बोलत नाही. माझं मत ठाम आहे: हौसेला धरलेला मासा सोडलाच पाहिजे.

भोगावतीकर: भावा, नाही पटत. वडील राधानगरीच्या खाली गळ टाकायचे. कालवणापुरते मिळाले की दोरी गुंडाळायचे. पोटासाठी धरणं समजतं. दमवून सोडणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

तीर्थनवारी: त्याला त्रास होतो, मान्य. पण तो जगतो.

दूधगंगाकाठ: ट्राउट तिथला तरी आहे का? ब्राऊन ट्राउटची अंडी ब्रिटिशांनी १९०० साली स्कॉटलंडहून काश्मीरला आणली, हिमाचलात त्यानंतर. तो लहान मासे खाऊन वाढतो. परमिटात बसेल तेवढा खुशाल खा. सोडायचा तो आपला खडस, म्हणजे महसीर! पावसात अंडी घालायला वर चढतो, आणि नेमकं तेव्हाच आपण ओढ्याला जाळी लावतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या दारात एक मादी चिरली, ओंजळभर अंडी निघाली. ती ओंजळ डोळ्यांपुढून हलत नाही. महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही. आपल्याला एक डोह राखता येत नाही?

भोगावतीकर: चढणीचे मासे ही आमच्या गावची वर्षातनं एकदाची चव आहे, ती नाही सोडणार. आधी डोहात ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांना धरा. बोटाएवढी पिल्लंसुद्धा पांढरी होऊन तरंगतात.

दूधगंगाकाठ: त्यांना धरायचंच. पण अंडीवाली मादी जाळ्यात आली तर?

तीर्थनवारी: ट्राउटचं पटलं. मित्राला आज फोन करतो. खडस मात्र सोडायचाच, नर असो वा मादी.

भोगावतीकर: पोट फुगलेली मादी सोडीन, शब्द देतो. नर घरी येणार.