लाकडी कुंपणाला लागूनच कोंबड्यांची जाळी मारू काय?

खानापूरचं_परडं:
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात घर हाय आमचं, परड्यात 12 कोंबड्या पाळालोय, 8 गावठी आणि 4 गिरिराजा. आजवर मोकळ्याच फिरायच्या पण परवा शेजारच्या काकूंच्या वाफ्यात शिरून मेथी सगळी उकरून टाकली, काकू काही बोलल्या नाहीत पण मलाच लई वाईट वाटलं. म्हणून आता जाळी मारून त्यांना फिरायला जागा करायची ठरवलंय. पश्चिमेला हद्दीवर लाकडी कुंपण हाय, निलगिरीचे खांब आणि सॉ मिलमधल्या फळ्या, आम्ही आणि काकूंनी मिळून खर्च करून घातलेलं, दरवर्षी मे महिन्यात त्याला जळकं ऑईल मारतो. त्यालाच जोडून बाकी तीन बाजूनं जाळी मारली तर 20 फूट जाळी वाचते. रुंदीला जागा 12 फूटच हाय. चालतंय काय असं?

नंदगडकर:
नका करू दादा, मी केलंय आणि पस्तावलोय. कोंबडी माती उकरते ती मागं फेकते, आणि ती सगळी जाऊन फळीच्या तळाला साठते. त्यात शीट. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम तरी शीट टाकते आणि त्यात बहुतेक पाणीच असतंय, म्हणजे तुमच्या 12 कोंबड्यांचं रोज सव्वा किलोच्या वर झालं. जून ते सप्टेंबर आपल्याकडं ऊन कुठं पडतंय, ती फळी वाळणार कधी? माझ्या दोन पावसाळ्यात तळाच्या फळ्या अशा झाल्या की बोट लावलं की चहात भिजलेल्या टोस्टासारखं आत जायचं, आणि वर बघितलं तर फळी धडधाकट दिसायची. मागनं वाळवी लागली ती वेगळीच. 3 फूट सोडा. खोरं घेऊन माणूस आत जाऊ शकला पाहिजे. 9 बाय 20 म्हणजे 180 चौरस फूट उरतंय, एका कोंबडीला 15 फूट, लोक 10 मध्ये पण पाळतात.

निपाणीची_ताई:
3 फूट प्रत्येकाला जमत नाही हो, आमचं परडं 7 फुटाचं. आम्ही फळ्यांपासून वीतभर अंतर सोडून शहाबादी फरशी उभी पुरली, 2 फूट उंच, जाळी त्या फरशीला लागून आत. उकरलेली माती फरशीवर आपटते, फळीला लागत नाही. फक्त मधल्या फटीत पाला साचतो तो महिन्याला काठीनं काढावा लागतो, नाहीतर तिथंच ओल धरते. पण दादांकडं 12 फूट असेल तर त्यांनी सोडावंच.

जांबोटी_पावसाळी:
जळकं ऑईल मारता म्हणताय तिथं माझा जीव अडकला. कोंबडी फळी टोचते, फळीखालची माती टोचते, त्यातच लोळते. इंजिनमधलं ऑईल ते, पोटात जायला नको, अंडी आपली लेकरंच खाणार की. तेवढ्यासाठी तरी लांब ठेवा.

दुसरं म्हणजे मुंगूस. ते दिवसाढवळ्या कुंपणाच्या कडेकडेनंच येतं आणि फळीखाली फट दिसली की शिरलंच. चिकन जाळी कोंबडी आत ठेवते, मुंगसाला अडवत नाही. खाली 3 फूट अर्धा इंची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली तारेची जाळी) लावा, वर चिकन जाळी. आणि वेल्डमेश जमिनीवर बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून त्यावर दगड ठेवा, खणायची गरज नाही, जनावर जाळीच्या बुडाशीच उकरायला बघतंय आणि तिथंच अडतंय. ही पसरायला पण कुंपणाकडं जागा लागणारच. रात्री मात्र खुराड्यातच घाला, आमच्याकडं कांडेचोर (उदमांजर) फिरतो.

नंदगडकर:
पत्र्याचा उतार कुंपणाकडं देऊ नका हे सांगायचं राहिलं. माझं सगळं पाणी फळीच्या बुडातच पडत होतं.

खानापूरचं_परडं:
सगळ्यांचे आभार. आज दोरी लावून बघितली, 3 फूट सोडून खुंट्या मारल्या. उतार पूर्वेला देतोय. पश्चिमेची झड कुंपण अडवतंय हा एक फायदा तसाच राहतो. एकच विचारतो, गावठी उडून कुंपणावर बसतात, तिथनं परत काकूंच्या वाफ्यात.

निपाणीची_ताई:
वरनं मासे धरायचं जुनं जाळं टाका. नाहीतर एकाच पंखाची लांब पिसं कातरा, दोन्ही नको, एका बाजूनं तोल गेला की उडत नाही. कोवळ्या पिसात रक्त असतं, देठ काळसर दिसला तर थांबा. गिरिराजा जड असतात, त्यांचं काय टेन्शन नाही.

खानापूरचं_परडं:
जाळं टाकतो. वेल्डमेश उद्या बेळगावातनं आणतो, काकूंना पण सांगून आलो मधली पट्टी मी झाडून घेईन म्हणून.