एफ १.५ ची लेन्स घेऊन एफ ५.६ वर फोटो? मग घेतली कशाला!

रीळवाला (पुणे)

परवा फोटोवाल्यांच्या कट्ट्यावर एका ज्येष्ठांनी माझी ज्युपिटर-३ ही जुनी सोव्हिएत लेन्स हातात घेऊन फर्मावलं, "जुन्या फास्ट लेन्सा दोन-तीन स्टॉप बंद करूनच वापरायच्या. उघड्यावर पार लोणी होतात." तिथे वयाचा मान ठेवून गप्प बसलो. इथे बसणार नाही. (नवख्यांसाठी: एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक, म्हणजे अपर्चर, मोठं आणि लेन्स 'फास्ट'; एक स्टॉप बंद केलं की प्रकाश निम्मा.)

माझं मत उलट आहे. रेंजफाइंडरच्या (वेगळ्या खिडकीतून दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्यांच्या) जमान्यातली फास्ट लेन्स पूर्ण उघडीच वापरावी. ५.६ वर नेलीत की १९३० च्या दशकातली सोन्नार आणि आजची कुठलीही साधी पन्नास मिमी यांतला फरक ओळखून दाखवा, चहा माझ्याकडून.

ज्युपिटर-३ म्हणजे जर्मन झाइस कंपनीच्या ५० मिमी एफ १.५ सोन्नारचं सोव्हिएत रूप. मूळ रचना लुडविग बेर्टेलेची, १९३२ मध्ये काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी केलेली. तेव्हा काचेवर कोटिंग नसायचं. हवा आणि काच जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश परत फिरायचा आणि उरलेल्या चित्रावर पांढुरका पडदा धरायचा. बेर्टेलेने सात काचा तीन गटांत चिकटवल्या, म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग फक्त सहा. लायका कॅमेरे बनवणाऱ्या लाइट्स कंपनीच्या झेनॉन लेन्समध्ये तेच दहा होते. युद्धानंतर येनाच्या कारखान्यातली सामग्री नुकसानभरपाई म्हणून रशियात गेली आणि तिथे ज्युपिटर तयार झाली.

या लेन्समध्ये कडेने येणारे किरण मधल्या किरणांच्या थोडे अलीकडे एकत्र येतात. त्यामुळे पापणी धारदार दिसते आणि तिच्याभोवती बारीक तेज राहतं. मागची पार्श्वभूमी कडा न दाखवता विरघळते. अपर्चर बंद केलं की नेमके हेच कडेचे किरण कापले जातात. जी गोष्ट पैसे मोजून घेतली तीच गाळून टाकायची?

जुनाजाणता (नागपूर)

रीळवाला, तुमचे ते ज्येष्ठ मी नव्हे, पण त्यांच्या बाजूने मी बोलतो.

या लेन्सा कुणी तेज-बिज मिळावं म्हणून बनवल्या नाहीत. १९३६ मध्ये ३५ मिमीत आलेलं कोडाक्रोम (रंगीत फिल्म) जेमतेम ८ एएसएचं (आजच्या भाषेत आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता) होतं. ट्राय-एक्स ही वेगवान फिल्म ३५ मिमीत यायला १९५४ उजाडलं. अंधारात फोटो निघावा एवढीच गरज होती. उघड्या अपर्चरचा मऊपणा म्हणजे त्या गरजेपोटी सोसलेली किंमत. तुम्ही किमतीलाच माल समजून बसलात!

अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन घ्या. १९५० मध्ये टोकियोत त्याच्या हाती निकॉनच्या निक्कोर लेन्सा लागल्या आणि त्याच घेऊन तो कोरियाच्या युद्धावर गेला. अमेरिकन छायाचित्रकारांना त्या जपानी लेन्सांनी जिंकलं ते धारेवर. त्यांना जास्त स्पष्ट चित्र हवं होतं, कमी नव्हे.

दुसरं, तुमचे मंडईतले फोटो मी पाहिलेत. माणूस दिसतो, मंडई कुठे आहे? मागे नुसता रंगीत चिखल. तो भाजीवाला पुण्यातला की पोर्तुगालमधला, कळायला मार्ग नाही. एफ ४ वर निदान तराजू आणि मेथीच्या जुड्या तरी दिसल्या असत्या.

शटरबाई (ठाणे)

जुनाजाणता यांना +१. सासूबाईंचा फोटो मी अशाच जुन्या लेन्सने पूर्ण उघडून काढला होता. बघून म्हणाल्या, "नथ छान आलीय गं. मी कुठाय?" एक मीटरवर एफ १.५ ला फोकसची जाडी सगळी मिळून तीन-साडेतीन सेंटीमीटर. नथीवर फोकस बसला की डोळे गेले, डोळ्यांवर बसला की कान गेले. लोक याला 'कॅरेक्टर' म्हणतात. आमच्या घरी याला "परत काढ" म्हणतात.

मालवणी गजाल (कुडाळ)

दोघेही दुपारच्या उजेडात बसून भांडताहात. रात्री दशावताराला या.

देवळासमोरचा मंच, वर दोन ट्यूबलाइट, बाजूला एक हॅलोजन. संकासुर येतो तो काळ्या वेषात, होता नव्हता तो उजेड पिऊन टाकतो. तिथे मी एफ १.४ वरून हलत नाही, हलूच शकत नाही. आणि तीन-चार मीटरवर हे तितकं कठीणही नाही. तीन मीटरवर फोकसची जाडी सुमारे फूटभर मिळते. चेहरा, मुकुट, गळ्यातल्या माळा सगळं त्यात बसतं. शटरबाई, सासूबाईंना जरा लांब बसवा!

पण रीळवाल्यांचं तेज मला तिथे नको असतं. हॅलोजन चौकटीत आला की त्याच्याभोवती एवढं मोठं वलय पसरतं की बाजूचा राजा आंधळा होतो. मग मी दोन पावलं सरकतो आणि खांबाआड दिवा लपवतो.

अजून एक, जे कुणी बोलत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते आणि आतल्या काचांवर धुरकट थर येतो. विकणारा त्यालाच 'व्हिंटेज ग्लो' म्हणून खपवतो. घेताना मागून टॉर्च मारून बघा. काच दुधाळ दिसली तर ते तेज बेर्टेलेचं नव्हे, दमटपणाचं. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांनी माझ्याकडे रडत याल.

मिलीमीटर (चिंचवड)

सौंदर्यशास्त्र चालू द्या. माझा प्रश्न वेगळा आहे: रीळवाला, तुमची लेन्स उघड्यावर फोकस नीट धरते हे तपासलंय का?

लायकाचं रेंजफाइंडर ५१.६ मिमीच्या लेन्सला धरून जुळवलेलं असतं. सोव्हिएत पन्नास काँटॅक्सच्या मापावर बेतलेल्या, म्हणजे सुमारे ५२.४. फरक मिलीमीटरपेक्षाही कमी, पण जवळच्या अंतरावर उघड्या अपर्चरला फोकस सरकवायला पुरेसा. शिम (पातळ चकती) घालून जवळचं जुळवलं तर लांबचं थोडं बिघडतं. दोन्ही टोकं एकदम सापडत नाहीत, काय ते एक निवडा. "ज्युपिटर मऊ आहे" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची लेन्स मऊ नसते, फोकस नाकाऐवजी कानावर असतो.

कॅमेऱ्याचाही वाटा आहे. काँटॅक्स-२ च्या रेंजफाइंडरचा पाया (दोन खिडक्यांमधलं अंतर; जितकं लांब तितका फोकस अचूक) ९० मिमी लांब होता. लायका एम३ चा साधारण ६९, पण व्ह्यूफाइंडरचं मोठेपण ०.९१ असल्यामुळे कामाचा पाया ६२ च्या आसपास मिळतो. ०.७२ वाल्या एम६ मध्ये तो ५० वर येतो. एफ १.५ साठी एम३ जास्त भरवशाचा.

रीळवाला

मिलीमीटर, मी ज्युपिटर मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर लावतो. पडद्यावर मोठं करून फोकस करतो, त्यामुळे रेंजफाइंडरची भानगडच उरत नाही.

गजाल, टॉर्च मारून घेतलीय, काच स्वच्छ आहे.

जुनाजाणता, किंमत मोजली असेल त्यांनी, मान्य. पण पन्नास-साठ वर्षांनी त्या वस्तूचं काय करायचं हे बनवणाऱ्याने का ठरवावं? आज ३२०० आयएसओ प्रत्येक कॅमेऱ्यात आहे. अंधारासाठी मला या लेन्सची गरजच नाही, म्हणूनच मी ती तिच्या चित्रासाठी वापरतो. भर दुपारीसुद्धा वापरतो. १०० आयएसओला कडक उन्हात एफ १.५ म्हणजे शटर १/११००० च्या घरात जातं. म्हणून सहा स्टॉपचा एनडी (प्रकाश अडवणारा काळसर फिल्टर) लावतो, ४०.५ मिमीचा.

शटरबाई

भर दुपारी, सहा स्टॉप अंधार विकत घेऊन, अंधारासाठी बनवलेली लेन्स! दंडवत घ्या.

मिलीमीटर

मिररलेसचं म्हणताय तर तिथेही मेख आहे. तुमच्या सेन्सरवर काच किती जाड? काही मिररलेसवर ती दोन मिमीच्या आसपास असते. या लेन्सा फिल्मसाठी बनल्या, मध्ये काच धरलेलीच नव्हती. उघड्या अपर्चरला कोपरे जे ओघळतात त्यातला काही भाग बेर्टेलेच्या नावावर टाकू नका, तो तुमच्या कॅमेऱ्याचा आहे. मधल्या भागाला मात्र फारसा धक्का लागत नाही.

जुनाजाणता

रीळवाला, वस्तूचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, हरकत नाही. पण "पूर्ण उघडीच वापरावी" हा नियम तुम्हीच घातलात. मी म्हणतो, तराजू दाखवायचा असेल तर ४ वर जा. सगळंच १.५ वर काढलंत तर निवड कुठे केलीत? ती लेन्सने केली.

एक करा. मंडईतलाच एक गाळा घ्या. तोच माणूस, तीच जागा, एक फोटो १.५ वर आणि एक ४ वर. इथे टाका. लोक ठरवतील.

रीळवाला

टाकतो रविवारी. आणि १.५ वाल्याला जास्त मतं पडणार, आत्ताच सांगून ठेवतो.

मिलीमीटर

टाकाल तेव्हा एक पाळा. १.५ वर फोकस करून मग नुसती रिंग फिरवून ४ ला नेऊ नका. सोन्नार जातीत अपर्चर बंद करताना फोकस मागे सरकतो. २.८ ला सगळ्यात जास्त दगा होतो, ४ ला खोली वाढल्यामुळे थोडं सावरतं, पण एक मीटरवर तेवढंही दिसतं. दोन्ही अपर्चरना वेगळा फोकस घ्या, लेन्स त्या-त्या अपर्चरवर ठेवूनच. नाहीतर ४ वाला फोटो मऊ दिसेल आणि तुम्ही जिंकलात म्हणून नाचाल.