लोकसंख्या घटली की तापमानवाढ थांबेल का?

रातकिडा:
१९५० ला जगात २५० कोटी माणसं होती, २०२२ च्या नोव्हेंबरात ८०० कोटी झाली. आता जन्मदर जवळपास सगळीकडे घसरतोय, मग कार्बनचं टेन्शन आपोआप कमी व्हायला हवं ना? की मी भलतंच काहीतरी जोडतोय?

आडवाट:
अरे डोकी तिपटीने वाढली पण त्याच काळात वर्षाला हवेत सोडला जाणारा कार्बन डायऑक्साइड सहापटीच्या आसपास गेला, म्हणजे नुसती डोकी मोजून हिशोब लागत नाही, कोण किती जाळतंय ते बघ. अमेरिकेत माणशी वर्षाला साधारण १४ टन, भारतात २ च्या आसपास आणि नायजरमध्ये, जिथे बाईमागे सहाएक मुलं आहेत, तिथे अर्धा टनसुद्धा नाही. गरिबांच्या पोरांवर खापर फोडणं सोपं असतं एवढंच.

चष्मेबद्दूर:
+१. शिवाय जन्मदर पडला तरी आकडा लगेच खाली येत नाही, आधीच जन्मलेली तरुण पिढी अजून आईबाप व्हायचीय. यूएनचा २०२४ चा अंदाज बघ, शिखर २०८० च्या दशकात, १०३० कोटींच्या आसपास. आणि तापमानवाढ दीड डिग्रीवर रोखायची तर नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडतो तेवढा परत शोषला जाणं, हवंय २०५० ला. एवढी वाट कोण बघणार?

रातकिडा:
ओके पटलं. पण मग लोकसंख्येचा काहीच संबंध नाही?

आडवाट:
आहे की, पण हळू चालणारा. उलट कुटुंबं लहान झाली की घरं वाढतात, प्रत्येक घरात वेगळा फ्रिज, वेगळा एसी!